पाचशे शब्दांत एकतीस हाल

वहीत एकूण एकशे सदतीस वाक्प्रचार होते. सगळे इंग्रजी आणि सगळे अडचण, हाल आणि झगडा याच विषयावरचे. पाण्यात बुडण्याचे एकोणतीस, पाठीवरच्या ओझ्याचे सतरा, दगडांचे आणि भिंतींचे चौदा, चिखलाचे आणि चढाचे बारा, दोर आणि धाग्यांचे नऊ, आगीचे आठ, जनावरांचे अकरा, आणि दात, नखं, कातडी वगैरे शरीराचे एकोणीस. उरलेले अठरा अवर्गीकृत. त्यांत एक लोणच्याचा आहे. लोणच्यात सापडणं ही अडचण का मानावी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकंदर आकड्यांवरून निष्कर्ष एवढाच निघतो की, इंग्रजी बोलणारा माणूस अडचणीत आला की बहुतेक वेळा ओला असतो.

ही निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही मी नागपूरला नववीत सुरू केली. आमच्या इंग्रजीच्या सरांचा नियम होता : निबंधात एका वाक्प्रचाराला अर्धा मार्क. मुद्दा काय, मत काय, घडलं काय, याला मार्क नव्हते, कारण ते मोजता येत नाही. मला हा नियम तेव्हाच शास्त्रीय वाटला होता. पुढे मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, अमेरिकेत आलो आणि शिकागोजवळच्या एका रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो. रंगाचा थर सुकल्यावर किती जाड राहतो, ते मोजणं हे माझं काम. वही बॅगेतून बरोबर आली.

इथे आल्यावर मी वहीत एक रकाना वाढवला : प्रत्यक्ष कोण, कधी म्हणालं. चौदा महिन्यांच्या नोंदी बघितल्या तर लॅबमधला सहकारी प्रिंटरचा कागद संपला की बुडत असतो, आणि आमचा मॅनेजर दोन मीटिंगा एका दिवशी आल्या की दोराच्या टोकाला लोंबकळत असतो. पण ज्या बाईचं घर खरोखर जळलं, ती दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि कशी आहेस विचारल्यावर 'फाइन' म्हणाली. ही नोंद मी अवर्गीकृतमध्ये टाकली आणि विसरलो. ती विसरायला नको होती.

१९९६ साली मी शिकागोच्याच बाजूच्या नेपरव्हिलला सुभाषकाकांच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. काका माझ्या वडिलांचे नागपूरच्या होस्टेलमधले रूममेट. आता टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर. संघमित्राकाकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. घर चार बेडरूमचं, गॅरेज दोन गाड्यांचं, आणि मुलगी एक : मैत्री, वय सतरा. मैत्रीला किड्यांचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी पूर्वेकडचं एकच कॉलेज हवं होतं. त्या कॉलेजचा अर्ज एक नोव्हेंबरपर्यंत पोस्टात पडायला हवा होता, आणि त्याच पाकिटात शाळेच्या काउन्सेलरचं सहीचं पत्र हवं होतं. सगळा फॉर्म भरून झाला होता. एक निबंध तेवढा राहिला होता : 'तुमच्यावर आलेली मोठी अडचण आणि तुम्ही तिला कसं तोंड दिलंत, पाचशे शब्दांत.'

"आय डोन्ट हॅव वन," मैत्री जेवताना म्हणाली. तिने सहावीपासूनच्या डायऱ्या तपासल्या होत्या.

काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आपण बसवलेलं यंत्र चाचणीत पास झालं की इंजिनियरच्या चेहऱ्यावर येतं, तसं. "नाहीच ना. मग मी कशाला आलो इथे?"

"दॅट्स द प्रॉब्लेम, बाबा. कॅन आय यूज युअर्स? तुम्ही लाइक, हटमध्ये राहायचात, राइट?"

काकांनी चमचा खाली ठेवला. "माझे हाल माझे आहेत. मी ते बॅगेत घालून इथे दाखवायला आणलेले नाहीत. आपल्या घरात रडगाणं नाही."

विषय संपला. काका या बाबतीत पक्के होते. दाताच्या डॉक्टरने ड्रिल लावून दुखतंय का विचारलं, तरी ते 'नॉट अ‍ॅट ऑल' म्हणत, असं काकूंनी मला सांगितलं आहे.

त्या रविवारी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम काकांकडे होता. वंदना झाली, भाषण झालं, आणि जेवणाच्या रांगेत मैत्रीचा निबंध सार्वजनिक झाला. सव्वीस मोठी माणसं होती. सल्ले एकतीस आले. पाच जणांनी दोनदा दिले.

दोन गल्ल्या पलीकडच्या नीलांबरीमावशी श्रीखंड घेऊन आल्या होत्या. त्यांचा मुलगा देवांग आदल्या वर्षीच कॉलेजात गेला होता, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"आमच्या देवांगने व्हायोलिनचं बोट मोडलं, त्यावर लिहिलं."

"मोडलं होतं?" काकूंनी विचारलं.

"मुरगळलं होतं. निबंधात मोडलं."

"त्यापेक्षा आजी गेली असं लिहा," विक्रमकाका म्हणाले. ते सॉफ्टवेअरमध्ये होते आणि सगळ्या गोष्टींना शॉर्टकट असतो असं त्यांचं मत होतं. "आजी नेहमी चालते."

"आमची खरंच चालते. रोज दीड किलोमीटर," काकू म्हणाल्या. "कालच फोन झाला."

"मग नुसती आजारी पाडा. इथे कोण बघायला येतंय?"

मावशींनी मग निकाल कसा ओळखायचा तेही सांगितलं. "कॉलेजचं पाकीट उघडायचंसुद्धा काम नाही. पातळ आलं की सॉरी. जाड आलं की घेतलं."

"किती जाड?" मी विचारलं.

"जाड म्हणजे जाड."

मला असल्या उत्तरांचा त्रास होतो. दुसऱ्या दिवशी मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी देवांगची सगळी पाकिटं जपून ठेवली होती. चार पातळ : सरासरी शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर. एक जाड : नऊ पूर्णांक एक. मावशींनी मला चहा दिला, पण मी निघाल्यावर त्यांनी काकूंना फोन करून मुलगा बरा आहे ना, असं विचारलं.

"अनुप, तुला बोर्डात इंग्रजीत किती होते?" काकांनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"बस. मग निबंधाचं तू बघ."

मैत्रीने कच्चा निबंध दिला. सातवीत तिने विज्ञान प्रदर्शनासाठी साठ काळे भुंगेरे पाळले होते. ते खोक्यातून सुटले आणि बेसमेंटभर पसरले. तिने टॉर्च घेऊन नऊ दिवसांत एक्केचाळीस शोधून काढले. उरलेले एकोणीस सापडले नाहीत. (हे वाचल्यावर मला रात्री भिंतीतून येणाऱ्या आवाजाचा उलगडा झाला.) निबंध तीनशे दहा शब्दांचा होता. त्यात वाक्प्रचार शून्य होते. सरांच्या हिशेबाने मुलगी शून्यावर बाद झाली असती.

मी वही उघडली. साठ किड्यांवर दोन-तीनच वाक्प्रचार बसत होते. चांगले, भारी वाक्प्रचार सगळे पोटापाण्याचे आणि घरादाराचे होते. त्यामुळे नाइलाजाने घर आत घ्यावं लागलं. एकदा घर आत आल्यावर मात्र वाक्प्रचार भराभर बसू लागले. तयार झालेल्या मजकुराची सुरुवात मराठीत शब्दशः सांगतो : 'जन्मापासून आमच्या कुटुंबाची पाठ भिंतीला टेकलेली आहे. माझे वडील दारातल्या लांडग्याला अडवून धरत आणि माझी आई मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळत असे. हातातून थेट तोंडात असं आमचं जगणं होतं आणि दोन टोकं काही केल्या जुळत नव्हती. तरीही आम्ही आमची डोकी पाण्याच्या वर ठेवली.' भुंगेरे शेवटच्या परिच्छेदात येत होते, आणि तिथवर पोचलेल्या वाचकाला ते खायला पाळले होते असं वाटण्याची शक्यता होती. हे मला नंतर दिसलं.

"नोबडी टॉक्स लाइक धिस, अनुपदादा," मैत्री म्हणाली.

"बोलायचं नाहीये. लिहायचंय."

"नोबडी राइट्स लाइक धिस आयदर."

"म्हणूनच तुझा उठून दिसेल."

"आणि इट्स नॉट ट्रू."

"वाक्प्रचार खरा-खोटा नसतो. तो बरोबर किंवा चूक असतो."

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

काकांनी निबंध पेन हातात घेऊन वाचला. दर वाक्प्रचाराखाली रेघ मारली आणि वर आकडा लिहिला : ३१. "याला म्हणतात इंग्रजी," ते म्हणाले. तेही नागपूरच्याच शाळेतले. पाचशे शब्दांत एकतीस, म्हणजे दर सोळा शब्दांना एक संकट. त्या शब्दांना काही अर्थसुद्धा आहे, ही गोष्ट आम्हा दोघा विज्ञानवाल्यांच्या लक्षात आली नाही.

मैत्रीला आपला भुंगेऱ्यांचाच निबंध द्यायचा होता. पण शुक्रवारी तिची धावण्याची स्पर्धा होती आणि काउन्सेलरला त्याच दिवशी मजकूर हवा होता. काकांनी अर्धी सुटी काढली, टेबलावरची चांगली प्रत नव्या फाइलमध्ये घातली आणि शाळेत स्वतः नेऊन दिली. टेबलावर दोन प्रती होत्या. चांगली कोणती, याबद्दल काकांच्या मनात शंका नव्हती.

सोमवारी चार वाजता काउन्सेलर हॅलोरनबाईंचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होतो, काकूंनी फोन स्पीकरवर टाकला होता, कारण त्या कांदा चिरत होत्या. बाईंचा आवाज इतका मऊ होता की सुरुवातीला कुणीतरी गेलं असं मला वाटलं.

"मला एवढंच सांगायचंय की आम्ही तुमच्या पाठीशी आहोत," बाई म्हणाल्या.

"थँक यू, थँक यू. आम्हीपण आहोत," काकू इंग्रजीत म्हणाल्या. त्यांना वाटलं मैत्रीच्या अर्जाबद्दल बोलणं चाललंय.

"राग नसेल तर विचारते. घरात खायला काय असतं?"

आता, आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर एकच असतं. काकूंनी त्या दिवशी सावजी मटण केलं होतं, कुकरमध्ये भात होता आणि फ्रिजमध्ये कार्यक्रमाचं उरलेलं श्रीखंड होतं. काकू म्हणाल्या, "काही नाही हो. आपलं साधंच. डाळ-भात. चालतंय."

तिकडे पेन खरडल्याचा आवाज आला.

"आणि तुमची तब्येत? रडताय का तुम्ही?"

"नाही नाही, कांदा आहे," काकू नाक ओढत म्हणाल्या.

"मी काही सामान पाठवलं तर चालेल?"

"अहो, कशाला उगीच."

"प्लीज."

"नको नको, खरंच कशाला."

"मला बरं वाटेल."

तीनदा विचारल्यावर नाही म्हणणं काकूंच्या संस्कारात बसत नव्हतं. "बरं, तुमची एवढी इच्छा आहे तर," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "फार प्रेमळ बाई आहे. बहुतेक केक वगैरे पाठवतेय. मी तिला चिवडा देईन."

गुरुवारी पाच वाजता शाळेची व्हॅन आली. शाळेत गरजू कुटुंबांसाठी अन्नसंकलन चालू होतं आणि त्यातली सहा खोकी आमच्या नावाने काढली होती. ती उतरवायला चार मुलं आली. चारही मैत्रीच्या धावण्याच्या संघातली. काका त्या वेळी ड्राइव्हवेवर नवी गाडी धूत होते. मुलांनी गाडीकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि त्यांतला एक अतिशय आदराने म्हणाला, "सर, ही गाडी तुम्ही कोणाची धुताय?"

काकांनी नळ बंद केला.

मैत्री दारात आली, चारही जणांना ओळखलं आणि वर जाऊन तिने खोलीचं दार लावून घेतलं. खोक्यांत अठ्ठेचाळीस डबे होते : भोपळा सोळा, फरसबी चौदा, मका बारा, क्रॅनबेरी सहा. शिवाय एक गोठलेला टर्की, साडेसहा किलो. टर्कीला चिठ्ठी होती, 'हँग इन देअर', म्हणजे लटकून राहा. दोराचा वर्ग, क्रमांक चार.

मी काकांना सांगितलं की खोकी परत न्यायला सांगू. पण तोपर्यंत काकूंनी मुलांना आत घेतलं होतं. दारात आलेलं माणूस न खाता जाणार नाही, हा घरचा नियम. मुलांनी डाळ, भात, मटण, पोळ्या, पापड आणि श्रीखंड खाल्लं. एकाने तीनदा भात घेतला. शुक्रवारी शाळेच्या सकाळच्या घोषणांत, नाव न घेता, एका कुटुंबाचा उल्लेख झाला, ज्याने घरात होतं नव्हतं ते सगळं पाहुण्यांच्या ताटात वाढलं. मैत्रीने ते वर्गात बसून ऐकलं.

त्याच दुपारी शाळेतून फुकट जेवणाचा फॉर्म आला, आणि थंडीच्या कोटांसाठी घरातल्या सगळ्यांची मापं मागवणारी चिठ्ठी. काकांनी शाळेत फोन लावला. ऑफिसातल्या बाईंनी त्यांना फार समजुतीने घेतलं. पुष्कळ कुटुंबांना सुरुवातीला संकोच वाटतो, त्या म्हणाल्या. नाव यादीतून काढायचं असेल तर वेगळा फॉर्म आहे. त्यात अडचण कोणत्या तारखेला संपली ते लिहायचं आणि संपल्याचा पुरावा जोडायचा.

"अडचण नव्हतीच," काका म्हणाले.

"त्यासाठी फॉर्म नाहीये, सर," बाई म्हणाल्या.

काकांनी पगाराची स्लिप फॅक्स केली. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण एकदा कागद हलायला लागले की ते थांबत नाहीत, हे मला नागपूर विद्यापीठाने शिकवलं होतं आणि मी अमेरिकेला त्यातून उगीच वगळलं होतं. स्लिप काउन्सेलरकडे पोचली. सोमवारी हॅलोरनबाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज मऊ नव्हता. मंगळवारी सगळ्यांनी या, त्या म्हणाल्या. जोवर हे स्पष्ट होत नाही, तोवर मी पत्रावर सही करणार नाही.

मैत्री त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलली. "भुंगेरे वेअर ट्रू."

मंगळवारी, म्हणजे अर्जाच्या मुदतीला तीन दिवस राहिले असताना, आम्ही चौघं काउन्सेलरच्या खोलीत बसलो. काकूंनी चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला. बाईंनी तो थोडा बाजूला सारला. त्यांच्यासमोर निबंध होता, आणि त्यांनी एकतीस ठिकाणी पिवळा मार्कर फिरवल्यामुळे पान कावीळ झाल्यासारखं दिसत होतं.

"हे खरं नसेल, तर मी मैत्रीसाठी सही करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आणि खरं असेल, तर मला तुमचा ड्राइव्हवे समजत नाही."

मी उभा राहिलो. मी नागपूरची गुणपद्धती सांगितली, अर्ध्या मार्काचा नियम सांगितला आणि पुरावा म्हणून निळी वही पुढे केली. बाईंनी ती उघडली, पाण्याच्या वर्गाची तीन पानं वाचली आणि बंद केली. "तुम्ही शास्त्रज्ञ आहात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली, आणि ते मला जास्त लागलं.

"मी फक्त एकच विचारते," त्या काकांना म्हणाल्या. "यातलं नेमकं काय घडलंय?"

मला वाटलं, काका 'काही नाही' म्हणतील, मैत्री जुना निबंध देईल, बाईंचं मन वळलं तर वळलं. काकांनी मैत्रीकडे बघितलं. ती खाली मान घालून बुटाची लेस सोडत आणि बांधत होती. काकांनी खिशातून चष्मा काढला, पेन काढलं आणि पान स्वतःकडे ओढलं. कारखान्यात माल तपासायला घेतात, तसं.

"अनुप, याचा अर्थ काय?" त्यांनी मराठीत विचारलं.

"हातातून तोंडात. म्हणजे आज कमवायचं, ते आजच खायचं. उद्यासाठी काही नाही."

"हो." खूण केली. "हे?"

"पाठ भिंतीला टेकणं."

"आमच्या घराला भिंती तीनच होत्या. चौथीकडे पोतं. धरू?"

"धरा, काका."

खूण. "हे पाण्याचं?"

"डोकं पाण्याच्या वर ठेवणं."

"पावसाळ्यात नाला वस्तीत यायचा. छातीपर्यंत. मी पुस्तकं डोक्यावर घेऊन उभा राहायचो."

"काका, हे अलंकारिक आहे."

"आमचं नव्हतं," काका म्हणाले आणि खूण केली.

मैत्री सुरुवातीला हळू आवाजात बाईंसाठी इंग्रजी करत होती. तीन भिंतींपर्यंत केलं. पुढे ती थांबली. बाईंनीही विचारलं नाही.

"लांडगा दाराशी येऊ न देणं म्हणजे?"

"उपास टाळणं."

"नाही टळला." काकांनी तिथे फुली मारली. त्यांच्या कामात हे असंच होतं. जे घडलं नाही, त्याला खूण मिळणार नाही. "आणि हे, खांबावरून खुंटावर?"

"या दारातून त्या दारात हाकललं जाणं."

"दोनदा. एकदा विहिरीवरून, एकदा वर्गातून."

"मग दोन खुणा करायच्या का?"

"एकच पुरे. मोजणी बिघडते."

काकूंना यातलं किती माहीत होतं, मला सांगता येणार नाही. त्या चिवड्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते पुन्हा पुन्हा तपासत होत्या. काका शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मेणबत्तीला फुली मारली, कारण घरात मेणबत्ती नव्हती. रस्त्याचा दिवा होता. लोणच्यालाही फुली मारली, आणि तेवढ्यावर मात्र "हे काय आहे?" असं विचारलं. मी मलाही माहीत नाही म्हणालो.

मग त्यांनी खुणा मोजल्या. एकतीसपैकी तेवीस. मी मनातल्या मनात भागाकार केला : चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन टक्के. तेवीस वेळा बरोबर आलो होतो, फक्त माणूस चुकला होता.

"पण मग हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"हिज," मैत्री म्हणाली. मग काकांकडे वळून, आणि चौदा महिन्यांत माझ्यासमोर पहिल्यांदाच पूर्ण मराठीत, तिने विचारलं, "बाबा, मी आजचं हे लिहू?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. चष्मा घडी करून खिशात ठेवला. बराच वेळ लागला, कारण खिसा तोच असूनही चष्मा जात नव्हता.

"तेवीस आकडा लिही," ते म्हणाले. "तपशील माझा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि याला वाचायला देऊ नकोस."

बाईंनी सांगितलं की नवा निबंध वाचून मी सही करीन. यादीतून नाव काढण्याचा फॉर्म मात्र तरीही भरावा लागेल, तो जिल्ह्याचा नियम आहे. काकांनी तिथेच भरला. अडचण संपल्याची तारीख या रकान्यात त्यांनी लिहिलं : १ जुलै १९६७.

"ही कसली तारीख, काका?" मी गाडीत विचारलं.

"होस्टेलमध्ये खाट मिळाली तो दिवस," काका म्हणाले. "पलीकडच्या खाटेवर तुझा बाप होता. घोरायचा."

मैत्रीने बुधवारी निबंध लिहिला. मला वाचायला दिला नाही. शब्द मोजायला दिला, तेही कॉम्प्युटरच्या पडद्यावर हात ठेवून, तळाचा आकडा फक्त दिसेल असा. चारशे शहाण्णव. वाक्प्रचार किती, असं मी विचारलं. झीरो, ती म्हणाली. हॅलोरनबाईंनी गुरुवारी सही केली आणि चिवड्याची कृती मागितली. पाकीट शुक्रवारी, एक नोव्हेंबरला, पोस्टात पडलं.

वाट बघण्याच्या सहा आठवड्यांत काकूंनी भोपळ्याच्या डब्यांचे घारगे केले, आणि नीलांबरीमावशींनी क्रॅनबेरीची चटणी करून दाखवली. टर्की विक्रमकाका घेऊन गेले. फरसबी कुणीच खाल्ली नाही. मैत्रीच्या संघातली चार मुलं दर गुरुवारी सराव झाल्यावर येऊ लागली, सरळ स्वयंपाकघरात. मी वहीत नवी नोंद केली नाही. लॅबमध्ये एकाने पेन्सिलचं टोक मोडल्यावर आपण तळाला आपटल्याचं सांगितलं, तेव्हासुद्धा.

चौदा डिसेंबरला, शनिवारी, मैत्री पुन्हा पाळायला घेतलेल्या भुंगेऱ्यांच्या खोक्यावर झाकण लावायला बेसमेंटमध्ये आली असताना पोस्टमन येऊन गेला. काका पाकीट घेऊन खाली आले. मागून काकू. कुणी उघडायला तयार नव्हतं. मैत्रीने माझ्या टेबलावरचा व्हर्नियर उचलून माझ्या हातात दिला.

मी पाकीट न दाबता तीन ठिकाणी मोजलं आणि सरासरी काढली. नऊ पूर्णांक चार मिलिमीटर.